रडण्याचा रकाना

चाळिसावी बाई मिळत नव्हती.

एकोणचाळीस जणी झाल्या होत्या. सगळ्या द्राक्षांच्या पॅकहाउसवर काम करणाऱ्या, सगळ्यांना सातवा महिना लागलेला, आणि सगळ्या दंडावर एक इंजेक्शन टोचून घ्यायला राजी. पण प्रबंधाच्या आराखड्यात आकडा चाळीस लिहिला होता आणि समितीनं त्याच आकड्यावर सही केली होती. प्रांजल गांगुर्डे दोन आठवडे गोदाकाठच्या आपल्याच गावात घरोघर फिरत होती. कुणी म्हणे सासूला विचारून सांगते, कुणी म्हणे सुया नकोत बाई.

"एकीसाठी वर्ष घालवणार आहेस का?" तिच्या मार्गदर्शक डॉ. शेफाली बर्वे फोनवर विचारत. त्या कधी आवाज चढवत नसत. त्यामुळे त्यांचा प्रश्न जास्त वेळ डोक्यात राही.

त्या संध्याकाळी प्रांजल घरी येऊन चप्पल काढते तोच स्वयंपाकघरातून तिची वहिनी म्हणाली, "ताई, मला नाही का चालत? मला पण सातवाच आहे."

ईश्वरी तिच्या धाकट्या भावाची, तुषारची बायको. वयानं प्रांजलपेक्षा तीन वर्षांनी लहान. तिला आई नव्हती, म्हणून पहिलं बाळंतपण असूनही ते सासरीच व्हायचं होतं.

"घरातलं माणूस घेत नाहीत, वहिनी."

"का? घरातल्या माणसाला पोर होत नाही?"

प्रांजलची आई, रंजनाबाई, भाकरी थापता थापता हसली. प्रांजलही हसली. आणि दुसऱ्या दिवशी तिनं अर्ज भरला. "संशोधकाशी नातं" या प्रश्नापुढे तिनं "नाही" लिहिलं. ईश्वरीच्या आधारकार्डावर अजून माहेरचंच आडनाव होतं, त्यामुळे कुणाला काही विचारावंसं वाटलं नाही.

हे इंजेक्शन कशासाठी होतं, ते इथेच नीट समजून घेऊ, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

भूक पोटात लागते असं आपण म्हणतो. पोट रिकामं होतं हे खरं, पण "आता खा" हा हुकूम सुटतो मेंदूतून. मेंदूच्या तळाशी, डोळ्यांच्या मागच्या बाजूला एक लहानशी जागा आहे. मोठ्या माणसात ती बदामाएवढी असते, तान्ह्या बाळात तुरीच्या दाण्याएवढी. शरीरातली साखर किती, साठवलेली चरबी किती, याच्या बातम्या तिथे सतत येत असतात. साठा ठरावीक खुणेच्या खाली गेला की भूक लागते, वर गेला की भूक मिटते. इस्त्रीला गोल चकती असते ना, तसंच. चकती जिथे फिरवून ठेवाल त्या खुणेवर इस्त्री आपोआप तापते आणि आपोआप थांबते.

ही चकती आईच्या पोटात असतानाच, शेवटच्या दोन-तीन महिन्यांत फिरवली जाते. आई अर्धपोटी असली तर बाळाचा मेंदू समजतो, की बाहेर दुष्काळ आहे. मग तो चकती वर नेऊन ठेवतो: मिळेल ते खा, खाल्लेलं साठव. बाळ जन्मतं किडकिडीत, पण वाढतं ते बिस्किटांच्या आणि नूडल्सच्या दुकानासमोर. चकती काही पुन्हा फिरत नाही. तिशीत त्याला मधुमेह होतो. ते बाळ मुलगी असलं, तर तिला मधुमेहातच दिवस जातात, आणि तिच्या बाळाची चकती पुन्हा बिघडते. आजीच्या उपासमारीची शिक्षा नातवंडं भोगतात ती अशी.

'समा' नावाचं हे नवं औषध आईच्या दंडातून रक्तात, रक्तातून वारेत आणि वारेतून बाळाच्या मेंदूत जाई आणि चकती हलकेच खाली आणून ठेवी. उंदरांवर ते उत्तम चाललं होतं. प्रांजलनं दोन वर्षं स्वतःच्या हातानं ते उंदीर सांभाळले होते. समा दिलेल्या मादीची पिल्लं बेतानं खात आणि दीर्घ जगत. मग एका मोठ्या रुग्णालयात तीस बायकांवर चाचणी झाली, तीही उत्तम झाली. तिथे बाळं पंधरा दिवस होती आणि परिचारिका घड्याळ बघून त्यांना आईजवळ देत असत.

आता गावातली चाचणी होती. वीस जणींना समा, वीस जणींना साधं खारं पाणी. कुणाला काय मिळालं हे ना बाईला ठाऊक, ना प्रांजलला. चाळीस क्रमांक आणि त्यांची उत्तरं एका बंद पाकिटात बर्वे मॅडमच्या कपाटात होती. शेवटच्या बाळाची नव्वद दिवसांची तपासणी झाली की ते उघडायचं. संशोधकाला माहीत असलं तर त्याचे डोळे त्याला हवं तेच बघतात. म्हणून ही पद्धत, आणि पद्धत चांगलीच आहे.

दिवाळीनंतर बाळं येऊ लागली. ईश्वरीला मुलगी झाली. सगळे तिला चिमी म्हणू लागले.

पंधराव्या दिवशी आणि पंचेचाळिसाव्या दिवशी प्रांजलनं चाळीसही बाळांची वजनं केली. एकूण एक बाळ व्यवस्थित वाढत होतं. वजनाबरोबर एक प्रश्नावलीही असे. "बाळ दिवसातून किती वेळा पितं?" या प्रश्नाला चाळीसही जणींनी "आठ" असं उत्तर दिलं. अंगणवाडीच्या भिंतीवर तक्त्यात तोच आकडा लिहिलेला होता आणि बाईंसमोर उत्तर चुकवायचं नाही हे सगळ्या शाळेतच शिकल्या होत्या. त्याच्या खाली रडण्याचा रकाना होता: फार, बेताचं, क्वचित. जितकं रडणं कमी तितके बाळाच्या स्वभावाला गुण जास्त.

"क्वचित"च्या रकान्यात एकोणीस खुणा पडल्या. प्रांजलनं तो कागद मॅडमना पाठवला तेव्हा मॅडमनी एकच शब्द उत्तरात पाठवला: "सुंदर."

जानेवारीत द्राक्षं सुरू झाली. सव्वा महिना झाला तशा बाळंतिणी एकेक करून पॅकहाउसवर परतल्या. डोक्याला जाळी, हातात बोथट टोकाची कात्री, समोर घडांचा ढीग. किडका मणी, फुटका मणी, बारका मणी कापून काढायचा आणि घड डब्यात बसवायचा. आत गारठा असतो, तिथे तान्ही मुलं नेता येत नाहीत. म्हणून मागच्या अंगाला पाळणाघर होतं आणि तिथे एक आया होती. बाळ रडलं की आया दारातून हाक मारी, "वैष्णवी, तुझी उठली गं." मग ती बाई कात्री ठेवून जाई, पाजून परत येई. चांगली व्यवस्था होती. मुकादमीणसुद्धा त्यावर कधी कुरकुरत नसे.

प्रांजल एका दुपारी माहिती घ्यायला गेली तेव्हा टेबलाभोवती हसणं चाललं होतं.

"कावेरीला आयानं आजपर्यंत एकदाही हाक मारली नाही," वैष्णवी म्हणाली. "आम्ही येरझाऱ्या घालून मरतोय आणि ही राणीसारखी बसून."

"माझा शिवांश मुनी आहे मुनी," कावेरी म्हणाली. बावीस-तेवीस वर्षांची, बोलता बोलता हातातला घड गरकन फिरवून बघायची तिला सवय होती. तिच्या टेबलावरचे डबे सगळ्यांत आधी भरत. "डोळे उघडून वर बघत पडतो. काय विचार करतो कुणास ठाऊक."

"बापावर गेलाय. तोही कुठे बोलतो?"

"बाप बोलत नाही, पण जेवायला हाक मारावी लागत नाही त्याला."

पुन्हा हशा पिकला. ईश्वरीही हसत होती. टेबलाच्या टोकाला बसलेल्या एका बाईनं प्रांजलला जवळ बोलावून हळूच विचारलं, "ताई, ते शांत बाळाचं इंजेक्शन अजून आहे का? माझ्या भावजयीला सहावा चाललाय. तिचा पहिला फार रडका होता."

"ते शांत बाळाचं नाही, मावशी. मधुमेहाचं आहे."

"असेना का. शांत होतंय ना?"

चिमी बावन्न दिवसांची असताना एका रविवारी प्रांजलनं तिला पाळण्यातून उचललं आणि प्रांजलचे स्वतःचेच हात वर जरा जास्तच वेगानं आले. आपण जड समजून उचललेलं भांडं रिकामं निघावं तसं झालं.

"सकाळपासून हूं नाही की चूं नाही," रंजनाबाई कौतुकानं म्हणाली. ईश्वरी कामावर जाई तेव्हा चिमी आजीजवळ असे. "तुम्हा दोघांनी मला रडवून सोडलं होतं. ही लक्ष्मी आहे."

"शेवटचं कधी प्यायली, आई?"

"तुझी वहिनी गेली तेव्हा."

सकाळी आठला गेली होती. आता अडीच वाजले होते. चिमी जागी होती. तिचे डोळे उघडे होते आणि ती प्रांजलकडे अगदी स्वस्थपणे बघत होती.

प्रांजलजवळ प्रयोगशाळेतली एक चिकटी होती. कपाळावरच्या टिकलीएवढी, बाळाच्या हनुवटीखाली लावायची. गिळताना होणारी हालचाल ओळखून ती घोट मोजते. प्रांजलनं ती लावली आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळी आकडे बघितले. चोवीस तासांत तीन वेळा पिणं, सगळं मिळून अकरा मिनिटं. या वयाचं बाळ आठ-दहा वेळा पितं आणि दीड-दोन तास सहज घेतं.

त्या आकड्यांकडे बघता बघता तिला उंदीर आठवले.

उंदराची मादी पिल्लांनी मागण्याची वाट बघत नाही. ती बिळात येते, पिल्लांवर पसरते, त्यांना चाटून चाटून जागं करते आणि पाजते. भूक लागली का, असं पिल्लाला कुणी विचारत नाही. रुग्णालयात परिचारिका घड्याळ बघत होत्या. आणि इथे, गावात, पहिला सव्वा महिना? सकाळी मालिश, मग न्हाऊ घालणं, मग शेक-शेगडी, मग बाळंतिणीचं जेवण, आणि प्रत्येक कामानंतर कुणीतरी म्हातारी बाळाला आईच्या पदराखाली देणारच. बाळाला भूक असो वा नसो, दिवस त्याला पाजत होता. सव्वा महिना संपला, दिवसाचा तो क्रम संपला, आणि मग उरला एकच इशारा: रडणं.

चकती फार खाली आली होती. या बाळांना भूक कमी लागत नव्हती. ती लागतच नव्हती. आणि आई एरवी बाळ रडल्यावर पाजते. न रडणाऱ्या बाळाची आई दोन दिवस छाती दुखली म्हणून बेचैन होते, मग दूधही आटत जातं, कारण जेवढं ओढलं जातं तेवढंच ते तयार होतं. मग आठवण करून द्यायला छातीही दुखत नाही.

पंचेचाळिसाव्या दिवसानंतरचं वजन थेट नव्वदाव्या दिवशी होतं. मध्ये कुणी बघणारच नव्हतं.

"घाबरू नकोस," बर्वे मॅडम फोनवर म्हणाल्या. "एका बाळाचं एका दिवसाचं मोजमाप आहे तुझ्याकडे. आणि त्या बाळाला समाच दिलंय हे तुला कसं ठाऊक?"

"पाकीट उघडलं तर कळेल, मॅडम."

"उघडलं की अभ्यास संपला. तुझी चार वर्षं आणि माझी अकरा. आणि समज, उद्या तू चाळीसही जणींना सांगितलंस की घड्याळ लावून पाजा, तर मग आपण काय मोजलं? समाचा परिणाम की घड्याळाचा?"

"बाळाला काही झालं तर?"

"अडतीस दिवस आहेत. त्यानंतर आपणच सगळ्यांना व्यवस्थित सल्ला देणार आहोत." मग त्यांनी विचारलं, "कुणाचं बाळ आहे हे, प्रांजल?"

प्रांजलनं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"तुझ्या घरात काय चालतं ते मी विचारत नाही," मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवला. ही परवानगी होती, आणि किती जणांसाठी होती हेही त्यात आलं होतं.

त्या संध्याकाळी ईश्वरी हातपाय धुऊन आली तशी प्रांजलनं तिला खोलीत नेऊन दार लावून घेतलं.

"वहिनी, मोबाइलला दर दोन तासांचा गजर लाव. कामावर असशील तेव्हा दूध काढून ठेव, आई वाटी-चमच्यानं पाजेल. चिमी रडो, न रडो. झोपली असली तर उठवून."

"आई रागावतील. निजलेल्या लेकराला उठवू नये म्हणतात."

"आईला मी सांगते."

ईश्वरीनं तिच्याकडे नीट बघितलं. "काय झालंय तिला?"

"तिला भूक लागलेली कळत नाही. पाजलं की सगळं ठीक होईल. फक्त ती मागणार नाही, आपणच द्यायचं."

"ते इंजेक्शनामुळे?"

"माहीत नाही."

"ताई, तुम्हाला खोटं बोलता येत नाही." ईश्वरी पलंगावर बसली. तिनं चिमीला मांडीवर घेतलं आणि पदर सारला. चिमीनं तोंड लावायला वेळ घेतला. "कावेरीच्या शिवांशचंही हेच आहे. तो पण रडत नाही."

"त्याला काय मिळालंय ते मला माहीत नाही. खरंच माहीत नाही. पाकीट बंद आहे."

"मग तिला पण सांगू या ना गजर लावायला."

"नव्वदाव्या दिवशी सगळ्यांना सांगणार आहेत. तोपर्यंत कुणाला सांगायचं नाही, वहिनी. सांगितलंस तर माझं सगळं जाईल. आणि तुझं नाव अर्जात घातलंय तेही बाहेर येईल."

ईश्वरीनं चिमीच्या डोक्याखालचा हात बदलला. चिमी पीत होती. मग ईश्वरी म्हणाली, "कावेरी माझ्या शेजारीच बसते हो, ताई."

रंजनाबाईनं दोन दिवस आदळआपट केली. झोपेतून उठवलेलं पोर किरकिरं होतं, आमच्या वेळी असली थेरं नव्हती, वगैरे. पण आठवड्यात चिमीच्या मनगटाला वळी दिसू लागली तशी तीच शेजारणींना सांगू लागली, की आमच्याकडे सगळं घड्याळावर असतं, आमची प्रांजल त्यातलीच शिकलेली आहे.

मधल्या काळात प्रांजल एकदा पाळणाघरात गेली. कुठल्याशा कागदावर आयाची सही हवी होती. सही झाली तरी ती निघाली नाही. पाळण्यांच्या रांगेत खिडकीजवळ शिवांश होता. जागा होता. गालांची हाडं वर आली होती आणि त्यामुळे त्याचे डोळे फार मोठे, फार शहाणे दिसत होते. शेजारच्या पाळण्यातलं पोर ओरडून लाल झालं होतं, त्याच्याकडे त्यानं मान वळवून बघितलं आणि पुन्हा छताकडे बघू लागला.

"हा प्यायला का?" प्रांजलनं विचारलं.

"मागेल तेव्हा देऊ ना, ताई," आया म्हणाली. तिच्या काखेत तेव्हा एक पोर होतं आणि पायाशी दुसरं. "अशी दहा असती तर मी फुकट काम केलं असतं."

प्रांजलच्या ओठांवर वाक्य आलं होतं. फक्त एवढंच म्हणायचं होतं, की जरा त्याच्या आईला हाक मारा. त्यात औषधाचं नाव नव्हतं, पाकीट नव्हतं, काही नव्हतं. पण मग आया विचारणार, का? आणि उद्याही हाक मारू का? आणि त्या दुसऱ्या शांत बाळांच्या आईलाही? तिनं कागद पिशवीत घातला. पाळण्यातल्या त्या डोळ्यांकडे ती पुन्हा न बघता बाहेर पडली.

एकोणऐंशीव्या दिवशी शिवांश गेला.

सर्दी झाली होती, थोडा ताप होता. दुसरं कुठलंही बाळ त्यातून उठलं असतं. तालुक्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, की अंगात साखरच शिल्लक नव्हती. वजन जन्मल्या दिवसापेक्षा जेमतेम पाव किलोनं जास्त भरलं. कागदावर त्यांनी "तीव्र कुपोषण" लिहिलं आणि कावेरीच्या सासूला, अलकाबाईला, सगळ्यांसमोर विचारलं, "घरात पाजणारं कुणी नव्हतं का?"

त्या एका प्रश्नानं निकाल लागला. गावभर झालं, की कावेरीनं टेबलावरचे डबे भरण्यापायी पोराला उपाशी ठेवलं. पॅकहाउसवरच्या बायका, ज्या तिच्या मुनीचं कौतुक करत, त्याही म्हणू लागल्या, की तरीच ही कधी टेबल सोडत नव्हती.

"पाकीट आता उघडायलाच हवं ना, मॅडम?" प्रांजलनं विचारलं.

"एका क्रमांकापुरतं उघडता येतं," बर्वे मॅडम म्हणाल्या. "नियमात आहे. पण उघडलं तर कळेल, आणि कळलं तर लिहावं लागेल. त्याआधी आईचा जबाब घ्यायचा असतो. जबाबात कारण स्पष्ट असेल, तर उघडायची गरज पडत नाही."

"आणि बाकीची बाळं?"

"जबाब हातात आला की त्याच दिवशी सगळ्यांना निरोप पाठवू. एका घरात पाजण्याची हयगय झाली आहे, तरी सर्व मातांनी दर दोन तासांनी पाजावं. घड्याळही लागेल आणि समाचं नावही येणार नाही. अठरा-एकोणीस बाळं आहेत, प्रांजल. त्यांचा विचार कर." त्यांचा आवाज नेहमीसारखाच मऊ होता. "जबाब आईचा असतो, आपला नाही. तू फक्त लिहून घ्यायचंस."

प्रांजल निघाली तेव्हा ईश्वरी ओट्यावर चिमीला घेऊन बसली होती. चिमीनं चांगलं बाळसं धरलं होतं.

"कावेरीकडे चालल्यात?"

"हो. तू येतेस?"

"कुठल्या तोंडानं येऊ?" ईश्वरी म्हणाली. "शिवांश आजारी पडेपर्यंत ती मला विचारत होती, ईश्वरे, तुझी एवढी गुबगुबीत कशी गं झाली. मी म्हटलं, आमच्या सासूबाई बघतात." तिनं चिमीचं तोंड पदरानं पुसलं. "तिला आज माहेरी पाठवतायत. कायमचं. नवरा काही बोलला नाही. तो बोलतच नाही." मग प्रांजलकडे न बघता म्हणाली, "आज तरी सांगा, ताई. पोर गेलंच. निदान तिच्यावरचा डाग तरी जाईल."

कावेरीच्या घरी दाराशीच कपड्यांची पिशवी भरून ठेवलेली होती. कावेरी भिंतीला टेकून बसली होती. अलकाबाई आत-बाहेर करत होती. प्रांजलला बघून तिनं सतरंजी झटकून टाकली.

"लिहा, ताई. सगळं लिहा," ती म्हणाली. "या बयेनं कसं मारलं माझ्या नातवाला ते सरकारला कळू द्या."

प्रांजलनं मांडीवर टॅब घेतला. प्रश्न छापील होते, ते वाचायचे होते.

"शेवटचं कधी पाजलंत?"

"सकाळी सहाला," कावेरी म्हणाली. तिचा आवाज बसला होता. "कामावर जायच्या आधी. थोडंसंच प्यायला."

"त्याच्या आधी?"

"आदल्या दिवशी दुपारी. मी आपणहून गेले होते बघायला, जेवणाच्या सुट्टीत. आया हाक मारते ना, ताई. सगळ्यांना मारते. मला कधी मारलीच नाही."

"आणि घरी आल्यावर?"

"तो उठला नाही. तो कधी उठायचाच नाही."

"ऐका," अलकाबाई म्हणाली. "आणि ही ढाराढूर. लेकराचा घसा कोरडा पडला असेल रडून रडून, पण हिची झोप मोडली नाही."

कावेरीनं सासूकडे बघितलं नाही. ती सरकून प्रांजलच्या जवळ आली, इतकी जवळ की तिचा गुडघा प्रांजलच्या गुडघ्याला लागला.

"ताई, तुम्ही याच विषयात शिकताय. मी आठ दिवस एकच गोष्ट डोक्यात घोळवतेय. मला कुणी वेडी म्हणेल म्हणून विचारलं नाही. बाळाला भूक लागलेली असते, आणि ते रडतच नाही, असं होतं का हो कधी?"

अलकाबाई दारात थांबली.

प्रांजलजवळ या प्रश्नाचं उत्तर होतं. अख्ख्या तालुक्यात ते फक्त तिच्याजवळ होतं. तुरीच्या दाण्याएवढी जागा, तिथली चकती, ती कुणी फिरवली, कधी फिरवली, हे सगळं कावेरीला कळेल अशा सोप्या शब्दांत सांगणं तिला दहा मिनिटांचं काम होतं. अशा गोष्टी सोप्या करून सांगण्यात ती कॉलेजात पहिली आली होती. तिला त्या अठरा-एकोणीस बाळांची आठवण झाली, ज्यांना आज संध्याकाळी निरोप जाणार होता. तिला आपल्या प्रबंधाची आठवण झाली, आणि अर्जावरच्या त्या "नाही" या शब्दाचीही. यातलं कोणतं आधी आठवलं, हे तिनं स्वतःला विचारलं नाही.

"नाही," ती म्हणाली. "भूक लागली की बाळ रडतंच."

अलकाबाईनं मान हलवली आणि ती आत गेली.

कावेरी प्रांजलच्या तोंडाकडे बघत होती. मग तिनं एक दीर्घ श्वास सोडला. बरेच दिवस न सुटलेलं काहीतरी सुटल्यासारखा.

"मग रडलाच असेल तो," ती म्हणाली. "खूप रडला असेल. मलाच ऐकू आलं नसेल. तसं लिहा, ताई."